भाकणूक आणि मद्य

भविष्य सांगणाऱ्याने मद्य घेऊन आसनावर बसावे की न घेता, हा प्रश्न अलीकडे शहरांतून टॅरोचे पत्ते मांडणाऱ्यांमध्ये नव्याने विचारला जाऊ लागला आहे. पत्ते पिसण्यापूर्वी अल्पसे मद्य घेतले असता मनावरचा तर्काचा पहारा सैल पडतो, भीड ओसरते आणि अंतःप्रेरणा अधिक मोकळेपणाने बोलू लागते, असा एक पक्ष आहे. मद्याने दृष्टी मंदावते आणि केवळ वाणीच धीट होते, असा दुसरा. पत्ते परदेशातून आले असले तरी प्रश्न परदेशातून आलेला नाही. करवीर म्हणजे कोल्हापूरच्या प्रांतात भाकणुकीची, म्हणजे देवाच्या नावाने भविष्य बोलण्याची, वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे, त्याच प्रांतात मद्याचा नैवेद्य घेणारी दैवतेही वेशीवेशीवर बसलेली आहेत, आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध कोठवर असावा, याचा निर्णय येथील लोकांनी ग्रंथ न लिहिता, वाद न घालता, निव्वळ आचारातून करून ठेवलेला आहे. तो आचार पाहिल्यावाचून या प्रश्नाला हात घालणे मला योग्य वाटत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोली नावाचे गाव आहे. दसरा आणि दिवाळी यांच्या दरम्यान तेथे विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते आणि महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातूनही धनगर समाज लाखालाखांनी लोटतो. या यात्रेचा आत्मा म्हणजे फरांडेबाबांची भाकणूक. फरांडेबाबा हे पद आहे. ते धारण करणारा पुरुष सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील अंजनगाव येथून, म्हणजे खेलोबाच्या अंजनगावाहून, दिवसचे दिवस पायी चालत पट्टणकोडोलीस येतो. आल्यावर तो थेट देवळात शिरत नाही. वडाखालच्या दगडी गादीवर तो विसावतो, गावचे मानकरी त्याला सामोरे जाऊन रीतसर आमंत्रण देतात, आणि मग ढोल-कैताळांच्या गजरात, उंच छत्र्यांच्या सावलीत, हाती नंगी तलवार घेऊन तो हेडाम हा तलवारीचा नाच खेळत निघतो. वरून भंडारा, खोबरे आणि लोकर यांची उधळण होते. माणसे, दगड, रस्ता, आकाश सारे एकरंगी पिवळे होऊन जाते. तलवारीचे वार तो स्वतःच्याच पोटावर करीत असतो. अशा अवस्थेत तो देवापुढे पोहोचतो आणि तेथे, श्वास जड झालेला असताना, तुटक तुटक शब्दांत पुढल्या वर्षाची भाकणूक उच्चारतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात विठ्ठल आणि बिरोबा, म्हणजेच बिरदेव, यांचे नाते उलगडले, आणि जर्मन पंडित गुंथर सोनथायमर यांनी आयुष्याची अनेक वर्षे पश्चिम भारतातील पशुपालकांच्या दैवतांमागे घालविली, म्हणून सुशिक्षित वर्गाला या परंपरेचे मोल थोडेफार उमगले, एरवी ज्या समाजाची ती होती, त्याला तिचे प्रमाणपत्र कधीच लागले नव्हते.

आता या सोहळ्यातील एक गोष्ट विचारपूर्वक पाहण्यासारखी आहे. भान हरपण्यास जे जे काही लागते, ते सारे येथे आहे: दीर्घ पदयात्रेचा शीण आहे, ढोलाचा अखंड ठेका आहे, शस्त्राचे भय आहे, सहस्रावधी कंठांचा पुकारा आहे, हळदीचा उग्र दर्प आहे. मद्याला मात्र या विधीत कोठेही स्थान नाही. ते ठाऊक नव्हते किंवा दुर्मिळ होते म्हणून वगळले, असे म्हणता येत नाही, कारण ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकला आणि गूळ शिजला, त्या मुलुखात दारूची वाण कधीच नव्हती. त्या बेभान होण्याला लोकांनी देहाच्या श्रमाचा मार्ग दिला, पेल्याचा दिला नाही. याचे कारण भाकणुकीच्या आशयात सापडते, असे मला वाटते. भाकणूक ही एकट्यादुकट्या इसमाच्या लग्नाविषयी किंवा नोकरीविषयी नसते. पाऊस कोणत्या नक्षत्रांत पडेल, तांबड्या राशीचे काय होईल, पांढऱ्या राशीचे काय होईल, धारण चढी राहील की मंदीची, रसभांडे, म्हणजे ऊसगुळाचा बाजार, कडक होईल की नरम, रोगराई येईल काय, राज्यकर्त्यांत फूट पडेल काय, असे तिचे विषय असतात. ऐकणारा शेतकरी त्यावरून पेरणीचा अंदाज बांधतो, मेंढपाळ कळप कोणत्या वाटेने हाकावा ते ठरवितो, आडत्या मनाशी भावाचा हिशेब करतो. एका मुखातून निघालेले शब्द गावोगावच्या पारांवर वर्षभर उच्चारले जातात आणि पुढल्या यात्रेला त्यांचा ताळा घेतला जातो. ज्या वाणीचा असा जाहीर जमाखर्च होणार, ती वाणी पेल्याच्या हवाली करण्यास कोणताही समंजस समाज धजावणार नाही.

हीच रीत थोड्याफार फरकाने या प्रांतात इतरत्रही आढळते. निपाणीच्या परिसरात, आज कर्नाटकात मोडणाऱ्या परंतु बोलीने मराठी असलेल्या कुर्ली-आप्पाचीवाडी येथे हालसिद्धनाथांच्या यात्रेत नाथांची भाकणूक होते. रात्र जागून काढल्यावर पहाटेच्या सुमारास ती ऐकण्यासाठी लोक तिष्ठत बसलेले असतात. करवीर तालुक्यातील वाशी येथेही बिरदेवाच्या नावाने भाकणूक सांगितली जाते. आणि भल्या पहाटे, गाव झोपेत असताना, खांद्यावर घोंगडी आणि हाती कंदील घेऊन कुडमुडे वाजवीत येणारा पिंगळा आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिला होता. पक्ष्याची भाषा आपणांस कळते, असे सांगून तो घरधन्याला शकुन सांगे आणि मूठभर धान्य घेऊन उजाडण्यापूर्वी पुढच्या गावाची वाट धरी. वेळेची ही निवड मला अर्थपूर्ण वाटते. रात्रीचा अंमल उतरलेला आहे आणि दिवसाचा व्यवहार अद्याप सुरू झालेला नाही, अशा घटकेला भविष्य सांगावे, हा संकेत ज्यांनी घालून दिला, त्यांना मनाची निवळलेली अवस्था कोणती याची जाण होती.

मद्य वर्ज्य नव्हते, हे येथे निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. आषाढात पंचगंगेला नवे पाणी आले की कोल्हापूरच्या गल्लीगल्लीतून त्र्यंबोली यात्रा निघते. कुमारिकांच्या डोईवर नव्या पाण्याचे कलश, पुढे पी-ढबाकचा नाद, आणि टेंबलाईच्या टेकडीवर जाऊन ते पाणी देवीच्या पायऱ्यांवर ओतायचे, असा हा थाट. त्यानंतर मरगाई, म्हसोबा अशा रक्षक दैवतांचा मान येतो, बकरी पडतात, मटणाचे वाटे घरोघर पोहोचतात. अंबाबाई गाभाऱ्यात पुरणाचा नैवेद्य घेते आणि वेशीवरचा म्हसोबा कोंबडे-बकरे मागतो, ही विभागणी महाराष्ट्रात सर्वत्र आहे. अनेक ठिकाणी अशा राखणदार दैवतांपुढे दारूची धारही सोडतात. सीमेवरचे, शेताच्या बांधावरचे, मसणवटीजवळचे, रोगराईचे जे दैवत, त्याला तिखट आणि मादक नैवेद्य. मध्यवर्ती देवाला गोड आणि शांत नैवेद्य. ओढ्यावरच्या रेणुकेच्या मंदिरात आंबील यात्रा भरते, सौंदत्तीहून परतलेले देवीचे ‘जग’ तेथे येतात, तेव्हा आंबविलेल्या पिठाची आंबील देवीला दाखवितात. आंबविण्याची क्रिया मद्याप्रमाणेच, परंतु तिचा शेवट भाकरीबरोबर खावयाच्या अन्नात होतो. या साऱ्या व्यवस्थेत मद्य हे दैवताचे आहे. ते त्याला अर्पण करावयाचे, त्याने तृप्त व्हावे आणि आपल्या वाटेला जाऊ नये, एवढाच हेतू. दैवताचा अर्थ सांगणाऱ्याने ते प्यावे, अशी त्यामागची कल्पना नव्हती.

ही मर्यादा सर्वांनी सर्वकाळ पाळली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ज्याच्या अंगात येते त्याला आपल्याकडे ‘झाड’ म्हणतात. वारे घुमू लागले म्हणजे झाडाला प्रश्न विचारावयाचे, हरवलेले जनावर, आजारी मूल, भावकीतील करणी यांविषयी त्याच्या तोंडून हुकूम घ्यावयाचा, आणि देवऋषी तो हुकूम घरच्यांना समजावून देणार, असा हा व्यवहार. जेथे मरीआईचा गाडा आणि कोरडा घेतलेला पोतराज फिरे, तेथे दैवतापुढची बाटली दैवताच्या नावाने माणसाच्या घशात जाणे कठीण नव्हते, आणि जात नसे असे कोण म्हणेल! फरक पडतो तो येथेच. यात्रेतील भाकणूक हजारो लोकांच्या समक्ष होते, मानकऱ्यांच्या देखरेखीखाली होते, वर्षातून एकदा होते. देवऋष्याचा हुकूम बंद दाराआड, एका घाबरलेल्या कुटुंबापुढे, मोबदला घेऊन, वाटेल त्या दिवशी होतो. जेथे साक्षीदार नाहीत तेथे पथ्यही टिकत नाही. अशा बैठकींतून किती भावकी तुटल्या, किती निरपराध बायकांवर चेटकीणपणाचा आळ आला, हे ज्यांनी खेडी पाहिली आहेत त्यांना सांगावयास नको. १९२० साली शाहू छत्रपतींनी देवाला मुली सोडण्याच्या चालीविरुद्ध कोल्हापूर संस्थानात कायदा केला, आणि २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला; या दोहोंमध्ये ९३ वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात बंद दाराआडचा हा धंदा पुरता उखडला गेला नाही, ही मला दुःखाची गोष्ट वाटते.

घाट उतरून कोकणात गेले म्हणजे हेच तत्त्व अधिक कोरड्या स्वरूपात दिसते. तेथे देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवून कौल लावतात. उजवी कळी पडली की होकार, डावी पडली की नकार. राखणदाराला वर्षाची राखण म्हणून कोंबडा आणि दारू पोहोचते, परंतु कौल घेणारा गुरव आणि गाऱ्हाणे घालणारा घाडी सोवळ्यात उभा असतो. येथे तर माणसाच्या अंतःप्रेरणेलाही फारसा वाव ठेवलेला नाही. उत्तर पाकळीने द्यावयाचे आणि ते सर्व गावकऱ्यांना दिसले पाहिजे.

शास्त्रग्रंथांकडे वळलो तर करवीर हे शक्तिपीठ, आणि शाक्त आचारात मद्य हे पंचमकारांपैकी एक, ही गोष्ट कोणी पुढे करील. देवीमाहात्म्यात महिषासुराचा वध करण्यापूर्वी देवी मधुपान करते, हेही खरे. परंतु ज्या शाक्त कौल परंपरेने मद्याला पूजेत आणले, तिच्याच कुलार्णवतंत्राने असा प्रश्न केला आहे की, केवळ मद्यपानाने सिद्धी मिळत असती तर सर्वच मद्यपी सिद्ध झाले असते. गुरूची अनुज्ञा, मंत्राने केलेली शुद्धी, पात्रांची मर्यादा, या अटी घालून त्या ग्रंथांनी मद्याला वेसण घातली. बाराव्या शतकात, कोल्हापुरात गंडरादित्य शिलाहार राज्य करीत असता, त्याचा अधिराज कल्याणीचा चालुक्य तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा विश्वकोशसदृश ग्रंथ रचविला. त्यात मदिरापान येते ते राजाच्या क्रीडांमध्ये, जलक्रीडा, चतुरंग, पासे आणि कवड्या यांच्या शेजारी. शकुनविचार येतो तो राज्याच्या स्थैर्याविषयीच्या भागात, स्वारीशिकारीच्या आणि प्रस्थानाच्या संदर्भात. एकाच राजदरबारात दोन्ही गोष्टी होत्या आणि दोन्हींना प्रतिष्ठा होती. परंतु एकीचे स्थान विरंगुळ्यात आणि दुसरीचे कारभारात, ही वाटणी ग्रंथकर्त्याला इतकी स्वाभाविक वाटली की तिचे समर्थन करण्याचीही त्याला आवश्यकता भासली नाही.

इंग्रजी अमलात या साऱ्याला सरकारी दप्तराचे वळण लागले. मुंबई इलाख्यात १८७८ सालचा अबकारी कायदा आला आणि संस्थानी मुलखांतूनही मद्याचा व्यवहार परवाने, मक्ते आणि लिलाव यांच्या चौकटीत बसत गेला. ज्या वस्तूची धार बांधावरच्या दैवताला सोडावयाची, ती आता मक्तेदाराच्या दुकानातून, सरकारी मुद्रेच्या बाटलीतून आणावयाची झाली. १८९५ साली शाहू छत्रपतींनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि कोल्हापुरी गुळाला देशभर बाजार मिळाला. गुऱ्हाळघरे पंचगंगेच्या काठाने वाढली. उत्तम गूळ पेठेत गेला, आणि खराब झालेला काळा गूळ नवसागराबरोबर हातभट्टीच्या पिंपात जाऊन पडू लागला. भाकणुकीत ज्या रसभांड्याच्या भावाविषयी लोक कान टवकारून ऐकत, त्याच रसभांड्यातून पुढे अनेक संसार बुडविणारी ही दारू निघावी, हे या प्रांताच्या इतिहासातील एक कटू सत्य होय. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण राज्यात बंदीचा अंमल आला. म्हणजे जेमतेम एका वर्षात करवीरची रयत छत्रपतींच्या अबकारीतून मोरारजी देसाईंच्या दारूबंदीत आली. कायद्याने ख्रिस्ती उपासनेतील द्राक्षासवासाठी सोय ठेवली. म्हसोबाच्या धारेचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही. पुढे बंदी शिथिल झाली, परवान्यांचे युग आले, तरी कायदा आजही दारूबंदीच्याच नावाने पुस्तकावर आहे. या उलाढालीत एक गोष्ट मात्र अबाधित राहिली. मद्य महाग झाले, स्वस्त झाले, बेकायदेशीर झाले, पुन्हा कायदेशीर झाले, तरी पट्टणकोडोलीच्या भाकणुकीत त्याने काही फरक पडला नाही, कारण ती त्याच्यावर अवलंबून नव्हतीच.

मद्याने सत्य दिसते, ही समजूत जगात अन्यत्रही फार जुनी आहे. प्राचीन इराणी लोक महत्त्वाच्या प्रश्नांची चर्चा मद्याच्या अमलात करीत आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तोच निर्णय पुन्हा तपासून पाहत, असे हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. जर्मन टोळ्या मेजवानीत मसलत करीत आणि निर्णय मात्र दुसऱ्या दिवशी शुद्धीत घेत, असे रोमन टॅसिटस सांगतो. या दोन्ही नोंदींत लोक पहिला भाग मोठ्या आवडीने उद्धृत करतात. माझ्या मते सारे शहाणपण दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९०२ साली, अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने धर्मानुभवांवरील आपल्या व्याख्यानग्रंथात मान्य केले की मद्याची मोहिनी त्याच्या गूढानुभव जागविण्याच्या शक्तीत आहे. परंतु तो अनुभव ज्या विषारी घोटातून येतो, त्याची किंमतही त्याने लपविली नाही.

आधुनिक प्रयोगशाळेने या प्रश्नाकडे थंड डोक्याने पाहिले आहे, आणि तिचे म्हणणे ऐकून घेणे अगत्याचे आहे. २०१२ साली शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणांना मद्य देऊन शब्दकोडी घातली. तीन असंबद्ध शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधावयाचा, असे त्या कोड्यांचे स्वरूप होते. मद्य घेतलेल्यांनी सुमारे ५८ टक्के कोडी सोडविली, न घेतलेल्यांनी सुमारे ४२ टक्के. शिवाय पहिल्यांना उत्तर अधिक लवकर, आणि ते एकाएकी स्फुरल्यासारखे, सापडले. म्हणजे मद्याने मन सैल पडते आणि दूरदूरच्या कल्पना एकत्र येतात, या म्हणण्यात तथ्य आहे. ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या वेळी त्यांच्या रक्तात शंभर मिलिलिटरला ७५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क होता, आणि आपल्या देशात वाहन चालविणाऱ्यास कायद्याने दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे, हेही ध्यानी घ्यावे. परंतु कोड्याला एकच बरोबर उत्तर असते आणि ते लगेच तपासता येते. समोर बसलेल्या माणसाच्या आयुष्याला तसे उत्तर नसते. मद्यामुळे अवधान आकुंचित होते, जवळचे आणि ठळक तेवढेच दिसते, दूरचे आणि सूक्ष्म निसटते, असे स्टील आणि जोसेफ्स या संशोधकांनी १९९० साली मांडले. त्यांच्या त्या सिद्धांताला पुढे बराच आधार मिळाला. भविष्य सांगणाऱ्याचे खरे साधन पत्ता, कवडी किंवा पाकळी हे नसून समोरच्याच्या चेहऱ्यावरील क्षणिक छटा, आवाजातील कंप, न विचारलेला प्रश्न हे असते, असे ज्यांना मान्य आहे, त्यांच्या हे लक्षात येईल की मद्य नेमके तेच साधन बोथट करते आणि त्याच वेळी सांगणाऱ्याचा आत्मविश्वास वाढविते. याहून धोकादायक योग मला दुसरा दिसत नाही.

टॅरोचे पत्ते स्वतः मुळात भविष्याचे नव्हतेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांच्या दरबारांत, ते खेळासाठी रंगविले गेले. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेचे १२० पत्तेही असेच कलावंतांच्या हातून उतरले, आणि त्यांवर अवतारांची चित्रे असूनही त्यांचा व्यवहार खेळाचाच राहिला. इटलीच्या पत्त्यांचे नशीब निराळे. १७८१ साली कूर द जेब्लँ या फ्रेंच लेखकाने त्यांत प्राचीन मिसरचे ज्ञान दडले आहे असे पुराव्यावाचून लिहिले, एतेय्या या नावाने लिहिणाऱ्या त्याच्या समकालीनाने त्यांवरून भविष्य सांगण्याची पद्धत बसविली, आणि १९०९ साली लंडनमध्ये आर्थर वेट याच्या योजनेप्रमाणे पामेला कोलमन स्मिथ हिने जी ७८ चित्रे काढली, ती आज जगभर, आणि आपल्या शहरांतूनही, टॅरो म्हणून ओळखली जातात. आमच्याकडे पिंजऱ्यातला पोपट बाहेर येऊन चोचीने पाकीट उचले आणि आतल्या देवतेच्या चित्रावरून ज्योतिषी भविष्य सांगे, तो प्रकार या पत्त्यांच्या सर्वांत जवळचा. त्यात एक गुण होता: पत्ता निवडणारा जीव शुद्धीवर असे, आणि गिऱ्हाईक रस्त्यावर, चारचौघांत उभे असे. टॅरोची बैठक मात्र देवऋष्याच्या बैठकीप्रमाणे खासगी आहे, सशुल्क आहे आणि तिचा वर्षअखेरचा ताळा घेणारे कोणतेही गाव तिच्यामागे नाही. म्हणून मद्याचे पथ्य येथे सांगणाऱ्याने स्वतःच स्वतःवर घालून घ्यावयाचे आहे, आणि ते भाकणूक सांगणाऱ्यावरील पथ्याहून अधिक कडक असले पाहिजे.

भविष्य कळते की नाही, हा निराळा वाद आहे आणि त्यात माझे मत संशयवाद्यांच्या बाजूचे आहे. तरीसुद्धा ज्याच्याकडे भ्यालेला, गोंधळलेला माणूस विश्वासाने येतो, त्याची वाणी निर्मळ असली पाहिजे, याविषयी श्रद्धावान आणि संशयवादी यांत मतभेद असण्याचे कारण नाही. पट्टणकोडोलीच्या धनगरांनी ही गोष्ट जपली, एवढ्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. एक विनंती मात्र येथे करतो. भाकणुकी दरवर्षी वृत्तपत्रांतून तुकड्यातुकड्यांनी छापून येतात आणि विरून जातात. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे, इतिहास आणि लोकसाहित्य यांचे व्यासंगी अभ्यासक या शहरात आहेत. पट्टणकोडोली, आप्पाचीवाडी आणि वाशी येथील भाकणुकी वर्षावार, तिथीवार, शब्दशः उतरवून घ्याव्यात, त्यांच्याशेजारी त्या त्या वर्षीचे पाऊसमान, शाहूपुरीतील गुळाचे दर आणि साथींच्या नोंदी छापाव्यात, आणि हे काम वृद्ध श्रोत्यांची पिढी हयात आहे तोवर हाती घ्यावे.